क्रीडा संग्रहालयात वंचित गटांना खरं स्थान आहे की नावापुरतं, हे कसं ओळखायचं?

मुख्य कालपट, म्हणजे वर्षवार मांडलेला इतिहास, बघा: या खेळाडूंची नोंद तिथेच, आपापल्या वर्षाच्या जागी असेल तर स्थान खरं; शेवटी ‘महिला’ किंवा ‘दिव्यांग’ असा वेगळा कोपरा असेल तर बहुधा नावापुरतं. मुळात संग्रह उभा राहतो करंडक, पदकं आणि क्लबांच्या देणग्यांवर, त्यामुळे ज्यांना स्पर्धेतच घेतलं नाही त्यांच्या वस्तू तिथे पोहोचत नाहीत. ती पोकळी मुलाखतींची ध्वनिमुद्रणं, त्या समाजाची वृत्तपत्रं आणि घरगुती फोटो यांनीच भरून निघते. ती कुठे दिसतात का, शोधा. पाट्याही नीट वाचा. ‘त्या काळी महिलांना संधी नव्हती’ एवढंच लिहिणं म्हणजे जबाबदार संस्थेला पाठीशी घालणं. इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने १९२१ मध्ये संलग्न क्लबांना महिलांच्या सामन्यांसाठी मैदानं द्यायला मनाई केली, असं नाव आणि वर्षासकट लिहायला हवं.

मात्र स्वतंत्र संग्रहालय म्हणजे दुय्यम स्थान, असं समजू नका. अमेरिकेत कॅन्सस सिटीला १९९० मध्ये स्थापन झालेलं निग्रो लीग्ज बेसबॉल म्युझियम, म्हणजे वर्णभेदामुळे मुख्य स्पर्धांबाहेर ठेवलेल्या कृष्णवर्णीय खेळाडूंच्या लीग्जचं संग्रहालय, वेगळंच आहे, आणि त्याची मांडणी फार विचारपूर्वक केलेली आहे: खेळाडूंच्या कांस्य पुतळ्यांचं मैदान सुरुवातीला फक्त जाळीतून दिसतं, वर्णभेदाचा सगळा इतिहास पार केल्यावरच त्यावर पाऊल ठेवता येतं. अशा ठिकाणी कोपऱ्याचा निकष लावू नका. विषय कोणी निवडले आणि प्रदर्शन कायमचं आहे की तात्पुरतं, हे विचारा.