एस्टोनियातली कंपनी आणि ए-२ फॉर्मवरची खूण

प्रश्न : मी सॉफ्टवेअर सल्लागार आहे, राहतो भारतातच. २०२३ मध्ये ई-रेसिडेन्सी घेऊन एस्टोनियात एकट्याच्या मालकीची कंपनी काढली. भांडवलाचे अडीच हजार युरो बँकेतून पाठवले. आता आणखी पैसे घालायचे आहेत, तर बँक यूआयएन मागते. हा शब्दच मी पहिल्यांदा ऐकला. त्यापेक्षा कंपनी परदेशातल्या भावाच्या नावे करून मोकळा होऊ का?

उत्तर : नाही, तसंही मोकळं होता येणार नाही. परदेशी गुंतवणुकीसाठी फेमाखाली (परकीय चलन कायद्याखाली) २०२२ मध्ये आलेल्या विनियमांत एक छोटं कलम आहे : कळवायला झालेला उशीर नियमित होईपर्यंत त्या कंपनीत नवा पैसा घालायचा नाही आणि आहे ती गुंतवणूक दुसऱ्याला द्यायचीही नाही. बँकेने तुम्हाला अडवलं ते याच कलमावर, आणि भावापुढेही तेच आडवं येणार.

यूआयएन म्हणजे रिझर्व्ह बँक त्या परदेशी कंपनीला देते तो क्रमांक. पैसे पाठवणं किंवा शेअर नावावर येणं, यांतलं जे आधी होईल त्याच्याही आधी तो घ्यायचा असतो. एफसी फॉर्म, म्हणजे परदेशी गुंतवणूक कळवण्याचा फॉर्म भरून, बँकेमार्फत. ई-रेसिडेन्सी कार्डाशी याचा काही संबंध नाही. त्या कार्डाने डिजिटल सही मिळते. ना तिथला रहिवास मिळतो, ना इथल्या कायद्यातून सुटका. तरी दर दुसऱ्या पत्रात ‘पण ई-रेसिडेन्सी तर होती’ हे वाक्य असतंच.

मला उशिरापेक्षा जास्त खुपली ती तुम्ही जोडलेली ए-२ फॉर्मची, म्हणजे परदेशी पैसे पाठवताना बँकेत भरायच्या फॉर्मची प्रत. पैसे पाठवण्याचं कारण : ‘जवळच्या नातेवाइकांचा निर्वाह’. एस्टोनियात तुमचं कोण राहतं? शाखेत कुणी तरी ‘इथे खूण करा’ म्हटलं असेल, तुम्ही केली. पण खाली सही तुमची आहे. नुसता उशीर असता तर प्रकरण साधं होतं; चुकीच्या कारणाकडे बँक कसं पाहील, हे मी इथे बसून सांगू शकत नाही. चूक तुम्ही होऊन लेखी कळवा. त्यांनी शोधून काढण्याची वाट पाहू नका.

उशिराची फी ७,५०० रुपये, अधिक रकमेच्या ०.०२५ टक्के दर वर्षाला. तुमच्या रकमेवर ही टक्केवारी वर्षाला शंभर रुपयेही होत नाही. खरी अडचण मुदतीची आहे. फी भरून सुटण्याची सोय मूळ तारखेपासून तीनच वर्षं असते. त्यानंतर कंपाउंडिंगचा (चूक मान्य करून ठरेल ती रक्कम भरून प्रकरण मिटवण्याचा) अर्ज, म्हणजे वेगळी फाइल आणि वेगळा वेळ. पैसे कोणत्या दिवशी गेले ते पासबुकात आजच बघा. ‘२०२३ च्या मध्यात कधीतरी’ एवढ्यावर मला काहीही ठरवता येत नाही.

दुसरी थकबाकी वार्षिक अहवालाची, म्हणजे एपीआरची. तो दरवर्षी ३१ डिसेंबरपर्यंत द्यायचा असतो आणि चुकलेल्या प्रत्येक अहवालाला ७,५०० रुपये. इथे एक गंमत आहे. एवढ्या लहान कंपनीचं ऑडिट एस्टोनियाचा कायदा मागत नाही, म्हणून तुमच्या तिथल्या हिशेबनिसाने ते केलेलं नसणार. पण कंपनीवर ताबा तुमचा असल्यामुळे एपीआरला ऑडिट झालेलेच हिशेब लागतात. हिशेबनिसाला आजच लिहा. सगळ्यात जास्त दिवस तिथेच जातील.

लॅटव्हियात उपकंपनी काढण्याचा बेतही पत्रात दिसतो. तो सोडा. तुमच्यासारख्या निवासी व्यक्तीचा ताबा असलेल्या परदेशी कंपनीला खाली उपकंपनी चालत नाही.

आयकर विवरणपत्रातल्या एफए (परदेशी मालमत्तेच्या) परिशिष्टात ही कंपनी दाखवली होती का, ते तुम्ही लिहिलेलं नाही. नसेल तर काळा पैसा कायद्यात दहा लाखांच्या दंडाचा प्रश्न येतो. १ ऑक्टोबर २०२४ पासून वीस लाखांपर्यंतच्या जंगम मालमत्तेला त्यातून सवलत आहे. ती तुमच्या आधीच्या वर्षांना कितपत लागू होईल, हे विवरणपत्रं पाहिल्याशिवाय बोलणार नाही, सीएला विचारा.

बँकेत जाताना शाखेच्या काउंटरवर थांबू नका, थेट परकीय चलन विभाग गाठा. पैसे ज्या बँकेतून गेले, तीच बँक. सोबत ए-२ ची प्रत, पैसे गेल्याची पावती आणि एस्टोनियाच्या नोंदणी पुस्तकातला तुमच्या शेअरचा उतारा घ्या. अर्जावर पोच घेतल्याशिवाय तिथून उठू नका.