पोटातला जंत बाळापर्यंत पोचतो का?

घरदार सोडून तात्पुरत्या निवाऱ्यात राहणाऱ्या गरोदर बायका हा प्रश्न सहसा आधी काढत नाहीत. झोप लागत नाही, चार पावलं चाललं की धाप लागते, इथून सुरुवात होते. पाचवा महिना लागलेली एक जण अशीच तपासणीच्या कागदाची घडी घालत-उलगडत बसली होती. सासू पाणी भरायला गेली तशी हळूच म्हणाली, "ताई, शौचातून जंत पडला. गांडुळाएवढा. तो बाळाला खाईल का हो?"

नाही. जंत आतड्यात राहतात, बाळ गर्भपिशवीत. कागदाच्या मागे चित्र काढून दाखवलं, तेव्हा कुठे तिचा जीव भांड्यात पडला.

मला घोर होता तो कागदाच्या पुढच्या बाजूचा: हिमोग्लोबिन ८.४. गरोदरपणी ते ११ च्या खाली गेलं की रक्त कमी समजतात. तिने पाहिला तो गोलकृमी. आतड्याला चिकटून रक्त पितो तो अंकुशकृमी मात्र जेमतेम सेंटीमीटरभर, सहसा नजरेलाच पडत नाही. त्याच्या अळ्या ओल्या मातीतून अनवाणी पायांच्या कातडीतून आत शिरतात. एकाच बाईला दोन्ही असू शकतात. रक्त फार घटलं तर बाळ कमी वजनाचं होण्याचा धोका वाढतो.

जंताच्या गोळीने पोट पडेल, ही भीती सासूची. तिचं अगदीच चूक नव्हतं. पहिले तीन महिने ही गोळी, म्हणजे अल्बेंडाझोल, टाळतात. त्यानंतर डॉक्टरांच्या सल्ल्याने ४०० मिलिग्रॅमची एकच गोळी देता येते. जिथे गरोदर बायकांत जंत आणि रक्तक्षय दोन्ही खूप आढळतात, तिथे जागतिक आरोग्य संघटनाही तशी शिफारस करते. दिवस गेल्याचं कळण्याआधीच कुणी ती घेतली असेल, तर घाबरून गर्भ पाडायला निघू नये, डॉक्टरांना सांगावं.

स्वच्छतेचं व्याख्यान मी दिलं नाही. इतक्या कुटुंबांत एक संडास, तिथे त्याने बाई नुसती ओशाळते. शौचाला जाताना पायात चप्पल, एवढंच मागितलं. सासूने स्वतःची काढून दिली; दोन बोटं मोठी होती, पण चालली.

लोहाच्या गोळ्यांनी शौच काळी होते, हेही आधीच सांगितलं, नाहीतर घाबरून गोळ्या बंद होतात. औषध आणि तारीख लिहिलेला कागद मात्र सासूकडे नाही, तिच्याकडेच दिला. पुढचा मुक्काम कुठे पडेल ते त्यांनाही ठाऊक नव्हतं, आणि तिथल्या डॉक्टरांना आधी काय दिलंय ते कळायला हवं.