रिपोर्ट नॉर्मल, मग भांग रुंद का होतोय?

"मॅडम, सगळे रिपोर्ट नॉर्मल आलेत. मग माझे केस जातायत कुठं?" सांगलीत त्वचारोगतज्ज्ञांच्या दवाखान्यात समुपदेशनाला बसते तेव्हा हा प्रश्न सारखा कानावर येतो. तासगावकडच्या तिशीतल्या एका शिक्षिकेनंही तोच विचारला. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.)

सोबत मोठ्या जाऊबाई होत्या. त्यांचा निकाल तयार होता, "रिपोर्टात काही नाही म्हणजे टेन्शनच. विचार करू नको म्हणून किती सांगायचं हिला?" त्या बाहेर गेल्यावर मग ही बोलली. "माझ्या हार्मोनमध्येच खोट असेल का? दुसरं मूल राहील ना?" केस हे निमित्त होतं, खरी धास्ती ही होती, आणि ती घरात कुणी विचारलीच नव्हती.

डॉक्टरांनी आधी वेणी सोडायला लावली. टाळूवर मधोमध भांग पाडला, मग डोक्याच्या मागच्या बाजूला दुसरा. मागचा बारीक, पुढचा चांगलाच रुंद. कपाळावरची केसांची रेषा मात्र जागच्या जागी. चिमटीत केस धरून हलकेच ओढले तर एखाददुसराच हातात आला. डर्मोस्कोप, म्हणजे त्वचा मोठी करून दाखवणारं भिंग, टेकवल्यावर स्क्रीनवर तिनं स्वतः पाहिलं: मागे एकेका छिद्रातून दोन-तीन जाड केस, पुढे बऱ्याच ठिकाणी एकच, आणि त्याच्या शेजारी लवेसारखे बारीक. व्रण कुठंच नव्हता. बायकांमधल्या आनुवंशिक केसविरळपणाचं निदान असं टाळू बघून होतं. बहुतेकींच्या रक्तातले हार्मोन नॉर्मलच असतात. टाळूवरची मुळंच हळूहळू बारीक होत जातात आणि केसाचं आयुष्य घटतं. म्हणजे रिपोर्टही खरा आणि तिची तक्रारही खरी. हे ऐकून तिला रडू आलं. मी थांबले, घाई केली नाही.

हार्मोनची तपासणी वायफळ असते असं मुळीच नाही. पाळी अनियमित असेल, हनुवटीवर राठ केस येत असतील, मुरुमं हटत नसतील तर पीसीओएस, म्हणजे बीजकोशांशी निगडित हार्मोनचा बिघाड, बघावाच लागतो. आवाज घोगरा होऊ लागला आणि असे बदल झपाट्यानं दिसले तर एक दिवसही दवडू नये. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर रक्त देण्याआधी सांगा. त्यानं थायरॉइडचेसुद्धा आकडे चुकू शकतात. ताप किंवा बाळंतपणानंतर दोन-तीन महिन्यांनी पुंजकेच्या पुंजके गळतात, ते प्रकरण वेगळं आणि बहुतेकदा आपोआप थांबणारं.

हिची पाळी नियमित होती. नुसत्या केस विरळ होण्यानं दिवस राहायला अडचण येत नाही, हे डॉक्टरांनी तिला स्पष्ट सांगितलं. नंतर तपासलेलं फेरिटिन, म्हणजे शरीरातल्या लोहाच्या साठ्याचं माप, तेवढं कमी निघालं, म्हणून लोहाच्या गोळ्या दिल्या. पण तेवढ्यानं भांग भरेल अशी आशा दाखवली नाही. टाळूवर लावायच्या मिनॉक्सिडिल या औषधाचा गुण दिसायला चार-सहा महिने लागतात, पहिल्या काही आठवड्यांत गळती उलट वाढू शकते आणि नेमक्या तेव्हाच बायका ते सोडून देतात. गरोदरपणात आणि अंगावर पाजताना ते लावायचं नसतं. बाळाचा विचार चालू असल्यानं तिनं ते सध्या नको म्हटलं. मला तो निर्णय पटला, कारण तो तिनं घेतला होता.

भांगाचा फोटो फाईलला लावला. जाऊबाईंना आत बोलावून तीच स्क्रीन दाखवली आणि विनंती केली, की घरी "टेन्शन घेऊ नको" एवढं म्हणणं आता बंद करा.