सामाजी, हसाजी आणि एलोजी

प्रश्न : कोकणातील बेने इस्रायली (मराठी बोलणाऱ्या ज्यू) कुटुंबांच्या जुन्या नोंदींत सामाजी, हसाजी अशी नावे दिसतात. ती मुळात ज्यू नावे आहेत काय?

उत्तर : होय. शमुएलचा सामाजी, यहेज्केलचा हसाजी, बिन्यामिनचा बिनाजी आणि एलियाहूचा एलोजी झाला. म्हणजे बायबलमधील हिब्रू नावाला मराठीतला आदरार्थी ‘जी’ जोडला गेला आणि ते आपल्या राणोजी-तानाजींच्या पंगतीत सहज बसले. मुंबईत १७९६ मध्ये पहिले सिनेगॉग (ज्यूंचे प्रार्थनामंदिर) बांधणारे सामाजी हसाजी दिवेकर म्हणजेच सॅम्युएल इझिकेल दिवेकर. त्यांच्या आडनावात दिवे हे गाव आहे, तर दोन्ही नावांत प्राचीन इस्रायल आहे. यांपैकी बहुतेक नावांत येणारा ‘एल’ किंवा ‘याहू’ हा अंश ईश्वरवाचक असतो. त्यामुळे यहेज्केल म्हणजे ‘ईश्वर बळ देवो’, तर एलियाहू म्हणजे ‘याह्वे हाच माझा ईश्वर’; याह्वे हे हिब्रू बायबलमधील ईश्वराचे नाव. मराठी उच्चारात हा अंश पुष्कळदा झिजला, आणि तो अर्थ कानाला कळेनासा झाला, याची मला हळहळ वाटते. पुढे इंग्रजी शिक्षणाबरोबर सॅम्युएल, बेंजामिन ही रूपे रूढ झाली. तरीही जुन्या नोंदी वाचताना सामाजी हा हिंदूच असेल, असे गृहीत धरू नये.