वाचक विचारतात: वादळ सुटलं की बाहेर पडणारी जोन अर्डली

गेल्या अंकात स्कॉटलंडच्या निसर्गचित्रकारांवर लिहिताना जोन अर्डलीच्या वाट्याला जेमतेम दोन ओळी आल्या होत्या, की ही बाई वादळात उभी राहून समुद्र रंगवायची, बस. आणि पत्रं मात्र सगळ्यात जास्त तिच्यावरच आलीत, म्हणून यावेळचं पान तिलाच देऊन टाकलंय.

प्रश्न (पुणे): तुम्ही यांना स्कॉटिश म्हणता, पण नेटवर जन्म इंग्लंडमधला दाखवतोय. नक्की काय समजायचं? आणि त्यांनी म्हणे झोपडपट्टीतली मुलं रंगवली, मग निसर्गचित्रकार कशा?

उत्तर: ताई, जन्म इंग्लंडचाच. 18 मे 1921, ससेक्समधलं वॉर्नहॅम. वडील पहिल्या महायुद्धात विषारी वायूच्या हल्ल्यात सापडले होते, त्यातून मनाने ते कधी सावरले नाहीत आणि 1929 मध्ये गेले. आई मूळची स्कॉटलंडची, त्यामुळे दुसरं महायुद्ध सुरू झाल्यावर ती दोन्ही मुलींना घेऊन ग्लासगोजवळ बेअर्सडेनला आली, आणि 1940 मध्ये जोन ग्लासगो स्कूल ऑफ आर्टला लागली. तिथून पुढे शिक्षण तिथलं, स्टुडिओ तिथला, विषय तिथले, रॉयल स्कॉटिश अकॅडमीने आधी असोसिएट आणि 1963 ला पूर्ण सदस्य करून घेतलं. स्कॉटलंडची माणसं तिला आपली मानतात, मग आपण कशाला वाद घाला.

मुलांचं म्हणाल तर तो तिच्या कामाचा दुसरा अर्धा भाग. ग्लासगोच्या टाउनहेड भागात तिचा स्टुडिओ होता, दाटीवाटीच्या जुन्या चाळींचा भाग तो, आणि तिथल्या एका घरातली बारा भावंडं स्टुडिओत कायम येऊन-जाऊन असायची. तिने ती जशी होती तशी काढली, मापात न बसणारे स्वेटर, तिरळे डोळे, कॉमिक वाचत बसलेली, भिंतीवर खडूने लिहिलेलं. कुठे कुठे तर गोळ्या-चॉकलेटचे कागदच चित्रावर चिकटवलेत. पण तुमचा प्रश्न निसर्गचित्राचा आहे, तर उत्तर असं की वर्षातला काही काळ ग्लासगो आणि काही काळ कॅटरलाइन नावाचं समुद्रकाठचं छोटं गाव असं तिचं चालायचं, आणि शेवटच्या वर्षांत कॅटरलाइनचं पारडं जड होत गेलं. मला विचाराल तर तिची खरी ताकद त्या गावातच आहे, मुलांची चित्रं लोकांना पटकन आवडतात हा भाग वेगळा.

प्रश्न (कोल्हापूर): मी रंकाळ्यावर बसून वॉटरकलर करतो, जरा वारा सुटला की कागद फडफडतो आणि मूडच जातो. ही बाई वादळात एवढी मोठी चित्रं कशी करायची? फोटो काढून घरी बसून का नाही करायची?

उत्तर: मित्रा, तुझ्या प्रश्नासाठीच खरं तर हे पान काढलं!

आधी जागा समजून घे. कॅटरलाइन म्हणजे ॲबरडीनच्या दक्षिणेला, स्टोनहेवनच्या थोडं पुढे, एका कड्यावर रांगेने बांधलेली बुटकी घरं, खाली गोट्यांचा किनारा, छोटासा धक्का, आणि घरांमागे लगेच शेतं. आपल्याला समुद्र म्हटलं की सूर्य मावळायची जागा, तिथे सगळं उलट, समुद्र पूर्वेला आणि हिवाळ्यात पूर्वेकडून वारं सुटलं की लाटा सरळ त्या खाडीत घुसतात. हे गाव तिला सापडलं तेही गंमतीने. 1950 च्या सुमाराला ॲबरडीनला प्रदर्शनासाठी गेलेली असताना तिला गालगुंड झाले, त्यातून बरी होत असताना एक मैत्रीण गाडीतून फिरवायला घेऊन गेली आणि बाईंनी ते गाव पाहिलं ते पाहिलंच. पुढे कड्याच्या त्या रांगेतलंच एक टोकाचं घर घेतलं, त्यात वीज नाही, नळ नाही, जमीन मातीची. नंतर त्यातल्या त्यात बरं दुसरं घर घेतलं आणि पहिलं घर रंग नि सामान ठेवायला वापरलं.

आता तुझा वारा. मोठ्या चित्रांसाठी ती बहुतेक हार्डबोर्ड वापरायची. युद्धाच्या काळात ती सुतारकामाला लागली होती, त्यामुळे मोठे बोर्ड हाताळायची भीती तिला नसावी असा आपला माझा अंदाज. इझल म्हणजे चित्र ठेवायचा स्टँड दोराने बांधायचा, दगडांचं वजन द्यायचं, अंगावर जाड कपडे चढवायचे आणि लाटेच्या तोंडाशी उभं राहायचं. तिची मैत्रीण ऑड्री वॉकर हिने काढलेले फोटो आहेत, त्यात हे सगळं दिसतं. ग्लासगोला असताना गावाकडून हवा बिघडत असल्याचा निरोप आला की लॅम्ब्रेटा स्कूटर काढून निघायची. बाकीचे लोक वादळाची बातमी ऐकून खिडक्या लावून घेतात, हिचा कामाचा दिवस तिथून सुरू व्हायचा.

एक चित्र जवळून सांगतो. नाव ‘द वेव्ह’, 1961 चं, एडिंबराच्या राष्ट्रीय संग्रहात आहे. साधारण 122 बाय 188 सेंटिमीटर, म्हणजे चार फूट उंच आणि सहा फुटांपेक्षा जास्त रुंद. माध्यमाच्या जागी तैलरंगाबरोबर चक्क रेतीखडीची नोंद आहे. किनाऱ्यावरची कच रंगात आलेली आहे. शेतांच्या चित्रांमध्ये तर गवताच्या काड्या, बियांची कणसं रंगात रुतलेली सापडतात, काही वाऱ्याने आलेली असतील, काही तिने मुद्दाम दाबलेली, आणि ट्यूबच्या रंगाबरोबर होड्यांना लावतात तो रंगही चालायचा तिला. म्हणजे फोटोवरून घरी का नाही याचं उत्तर त्या खडीतच आहे बघ. फोटोत लाट थांबलेली असते, आणि तिला लाट थांबवायची नव्हतीच, लाट येताना अंगावर जे वजन येतं, आवाज येतो, काही दिसेनासं होतं ते पाहिजे होतं. म्हणून त्या चित्रात पाणी कुठे संपतं आणि आकाश कुठे सुरू होतं हे पटकन कळत नाही, आणि कळू नयेच.

आणखी एक, जे तुला उपयोगी पडेल. ती नव्या नव्या स्पॉटच्या मागे धावली नाही. तीच खाडी, तीच घरांची रांग, सामन मासा पकडायच्या जाळ्यांचे तेच खांब, घरामागचं तेच शेत. एकाच वेळी बरीच चित्रं चालू ठेवायची आणि हवा बदलली की त्या हवेचं चित्र पुढे घ्यायची. त्यामुळे तू दर रविवारी नवीन लोकेशन शोधत असशील तर सहा महिने रंकाळ्याच्या एकाच कोपऱ्यावर काढून बघ. वाऱ्यासाठी कागद आधी बोर्डवर चारही बाजूंनी गमटेपने चिकटवून घे, क्लिपा पुरत नाहीत.

प्रश्न (ठाणे): त्या 42 व्या वर्षीच गेल्या असं वाचलं. थंडी-पावसात उभं राहून तब्येत गेली का? कलेसाठी जीव दिला म्हणायचं का?

उत्तर: नाही हो. स्तनाचा कॅन्सर होता, पसरला, आणि 16 ऑगस्ट 1963 ला ती गेली. अस्थी कॅटरलाइनच्याच किनाऱ्यावर विसर्जित केल्या. अंगावर दुखणं काढत ती शेवटच्या महिन्यांतही काम करत होती हे खरं, आणि त्याच वर्षी मे महिन्यात लंडनला तिचं प्रदर्शनही झालं. पण वादळाने नेली वगैरे गोष्टी आजाराला रोमँटिक करतात, ते मला पटत नाही. उलट डॉक्टरकडे लवकर जायला हवं होतं एवढंच वाटतं.

प्रश्न (डोंबिवली): मुलगा ॲबरडीनला तेल कंपनीत आहे, जूनमध्ये आम्ही दोघं जातोय. हे गाव आणि चित्रं बघता येतील का?

उत्तर: काका, नक्की बघा. मुलाच्या गाडीने निघालात तर अर्धा दिवस पुरतो. खाली बंदरापर्यंत रस्ता उतरतो पण उतार चांगलाच आहे, काकूंच्या गुडघ्यांचा विचार करून ठरवा, कड्यावरूनही खाडी पूर्ण दिसते. घरांमध्ये माणसं राहतात, ते म्युझियम नाही, तेव्हा खिडकीतून डोकावून सेल्फी नको. जूनमध्ये खवळलेला समुद्र बहुतेक मिळणार नाही, पण तिची उन्हाळ्यातली शेतांची चित्रं आहेत ना, त्यातलं गवत आणि उभं पीक मात्र तुम्हाला घरांच्या मागेच दिसेल.

चित्रांसाठी ॲबरडीन आर्ट गॅलरी तुमच्या शहरातच, तिच्याकडे अर्डलीची चित्रं आहेत आणि प्रवेश फुकट आहे. एडिंबराच्या राष्ट्रीय गॅलऱ्यांचा कायमचा संग्रह आणि ग्लासगोचं केल्व्हिनग्रोव्ह संग्रहालय, तिथेही तिकीट नाही. फक्त सगळी चित्रं सदासर्वकाळ भिंतीवर नसतात, काही गोदामात असतात, काही बाहेरगावी प्रदर्शनाला जातात. त्यामुळे आठवडाभर आधी मुलाला एडिंबराच्या गॅलरीला एक ईमेल टाकायला सांगा आणि ‘द वेव्ह’ लावलंय का एवढं विचारून घ्या, नाहीतर ट्रेनने एडिंबरापर्यंत जाऊन नुसती कॉफी पिऊन परत याल.