डाइकचा वाल्व्ह उघडा ठेवायचा की बंद?

उरणहून एका वडिलांचं पत्र आलं आहे. थोडक्यात असं: "मुलगी सिव्हिलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. किनाऱ्यावरच्या तेल-वायू प्रकल्पांना वादळाचा धोका किती, आणि त्यांच्यापासून खाडीला धोका किती, हे मोजायचं काम करायचं म्हणते. नातेवाईक म्हणतात, हे ना धड सिव्हिल, ना धड पर्यावरण. अशा नोकऱ्या खरंच असतात का? एम.टेक. करावं की सेफ्टीचा डिप्लोमा? आणि तिला समुद्रात जावं लागेल का?"

नमस्कार.

नोकऱ्या असतात. नातेवाईकही अगदीच चुकीचं बोलत नाहीत. हे काम दोन शाखांच्या मधल्या फटीतलं आहे, आणि म्हणूनच ते नीट करणारी माणसं कमी मिळतात. वादळाचा अभ्यास केलेल्याला टाकीच्या तळाशी पाइप कसा जोडतात ते ठाऊक नसतं. प्लँटमधल्या इंजिनिअरला भरतीचं कोष्टक वाचायची सवय नसते. तुमची मुलगी उरणची आहे, उधाण आणि भांग यांतला फरक तिला पुस्तकातून शिकायचा नाही. सिव्हिलमुळे लेव्हल, पाया आणि निचरा हे तिन्ही विषय हातात आहेतच. सुरुवातीला एवढं पुष्कळ झालं.

काम आवडतं की फक्त त्याचं नाव आवडतं, हे कळायला तिला एक गणित द्या. कॅल्क्युलेटर पुरेल.

डिझेलची एक काल्पनिक टाकी घ्या. व्यास २० मीटर, उंची १२ मीटर, पोलादाचं वजन अंदाजे १०० टन. तळाचं क्षेत्रफळ ३१४ चौरस मीटर. टाकी रिकामी आहे आणि बाहेर समुद्राचं पाणी चढू लागलं आहे. किती पाण्यात ती तरंगेल? १०० भागिले (३१४ गुणिले १.०२५, ही समुद्राच्या पाण्याची घनता), म्हणजे ०.३१ मीटर. गुडघ्याच्याही खाली. चार मजली इमारतीएवढी टाकी जेमतेम फूटभर पाण्यात उचलली जाते, यावर बहुतेकांचा पहिल्यांदा विश्वास बसत नाही. बोल्टने जखडलेली असली तरी ते बोल्ट बहुधा वाऱ्याचा हिशोब करून दिलेले असतात, खालून येणाऱ्या पाण्याचा नव्हे.

टाकी होडीसारखी वाहत जायलाच हवी असंही नाही. चार-सहा इंच सरकली तरी तळाशी जोडलेली लाइन नोझलपाशी फाटते आणि माल बाहेर येतो. २००५ साली कतरिना चक्रीवादळात अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यात मेरो इथल्या रिफायनरीत टाकी अशीच जागची हलली. तिची क्षमता २,५०,००० बॅरल होती, आत ६५,००० बॅरल कच्चं तेल होतं. म्हणजे ती रिकामीही नव्हती. सुमारे २५,००० बॅरल तेल बाहेर पडलं आणि शेजारच्या वस्तीतल्या साधारण १,८०० घरांत शिरलं.

आता पाणी किती चढेल ते काढायचं. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात, आणि चूक गणिताची नसते, शून्य कुठे धरलं त्याची असते. भरतीचं कोष्टक चार्ट डेटमवर असतं, म्हणजे त्याचं शून्य ओहोटीच्या जवळपास सगळ्यात खालच्या पातळीला धरलेलं असतं. प्लँटच्या नकाशावरच्या लेव्हल बहुधा सरासरी समुद्रसपाटीवर असतात. मुंबईत या दोन शून्यांमध्ये साधारण २.५ मीटरचं अंतर आहे. समजा उधाणाची भरती ४.८ मीटर, चार्ट डेटमवर. वादळाने ढकललेलं पाणी, ज्याला स्टॉर्म सर्ज म्हणतात, ते उदाहरणापुरतं १.५ मीटर धरा. एकूण ६.३. टँक फार्मची जमीन नकाशात ५.५ लिहिली आहे, तीही चार्ट डेटमवरच, पण कोपऱ्यातली बारीक टीप कुणी वाचली नाही. रिपोर्ट लिहिणाऱ्याने ५.५ हा आकडा समुद्रसपाटीवरचा धरला, पाण्याचे ६.३ मात्र नीट बदलून ३.८ केले, आणि निष्कर्ष काढला की जमीन पाण्याच्या १.७ मीटर वर आहे. प्रत्यक्षात ती ०.८ मीटर पाण्याखाली आहे. लाटांची उसळी अजून धरलेलीच नाही.

०.८ मीटर पाण्यात आपली टाकी जागेवर ठेवायला आत किती डिझेल हवं? खालून येणारा जोर २५७ टन, पोलादाचे १०० वजा, उरले १५७. डिझेलची घनता ०.८५ धरली तर दर मीटरला २६७ टन. म्हणजे जवळपास ०.६ मीटर. सावधगिरी म्हणून एक मीटर ठेवावं. "वादळाच्या मोसमात या टाकीतली पातळी एक मीटरखाली जाऊ द्यायची नाही." या एका वाक्यासाठी कंपनी पैसे मोजते. विकायला माल नसेल तर पाणी भरायचं, पण तेही फुकट नाही. वादळ गेल्यावर ३१४ घनमीटर तेलकट पाणी ईटीपीतून, म्हणजे प्रकल्पाच्या सांडपाणी शुद्धीकरण यंत्रणेतून, काढावं लागतं, आणि ईटीपी त्या आठवड्यात आधीच ओसंडत असतो.

आता शीर्षकातला प्रश्न. टाक्यांभोवती जी भिंत असते तिला डाइक म्हणतात. टाकी फुटली तर सगळ्यात मोठ्या टाकीतला माल आत मावावा, हा तिचा उद्देश. पावसाचं पाणी बाहेर काढायला भिंतीतून पाइप जातो आणि त्याचा वाल्व्ह बाहेरच्या बाजूला असतो. नियम सांगतो, वाल्व्ह एरवी बंद. वादळात काय? बंद ठेवला तर पाऊस आत साठतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. डाइकमधली ४० टक्के जागा टाक्यांच्या बुंध्यांनी अडवली असेल तर छपरांवरचं पाणीही उरलेल्या ६० टक्क्यांतच उतरतं. तेवढ्या पावसात आत दीड मीटरहून जास्त पाणी. रिकामी टाकी त्याआधीच तरंगलेली असेल, समुद्राची वाट न पाहता. बरं, वाल्व्ह उघडला तर भरतीचं पाणी त्याच पाइपातून उलटं आत येतं, आणि ओसरताना आतलं तेल घेऊन खाडीत जातं.

याचं सोपं उत्तर नाही. टाकीत किमान पातळी, पाइपाच्या तोंडाला एका दिशेनेच उघडणारी झडप (तिच्यात प्लास्टिक अडकतं, म्हणून मे महिन्यात ती हाताने उघडून बघायची), भिंतीवरून पाणी फेकणारा डिझेल पंप, आणि तो चालवायला त्या रात्री कोण हजर असेल त्याचं नाव. चारही गोष्टी रिपोर्टात हव्यात. बहुतेक रिपोर्टांत पहिल्या दोन असतात.

मोठ्या कच्च्या तेलाच्या टाक्यांना तरंगतं छत असतं, त्याची गोष्ट वेगळी. एपीआय ६५० या मानकानुसार मुख्य निचरा बंद पडला तरी एकेरी पत्र्याच्या छताने २४ तासांतला २५० मिलिमीटर पाऊस झेलून तरंगत राहावं. ६० मीटर व्यासाच्या छतावर हे ७०० टन पाणी होतं. २५० आणि ९४४ हे दोन आकडे शेजारी लिहा म्हणजे कोकणात हा प्रश्न का विचारायचा ते कळेल. २०१७ साली हार्वे वादळाच्या पावसात ह्यूस्टनच्या परिसरात अशी अनेक छतं बुडाली आणि उघड्या पडलेल्या तेलाची वाफ हवेत गेली. बहुतेक ठिकाणी दोष साधा असतो: निचऱ्याच्या तोंडावर गाळ, किंवा निचऱ्याचा बाहेरचा वाल्व्ह बंद राहिलेला.

पर्यावरणाची बाजू याच्यापासून वेगळी काढता येत नाही, आणि मला वाटतं मुलीने इथे जास्त लक्ष द्यावं. डिसेंबर २०२३ मध्ये मिचाँग वादळाच्या पुरात चेन्नईजवळ मनालीच्या रिफायनरी परिसरातलं तेल पावसाच्या पाण्याबरोबर बकिंगहॅम कालव्यात आणि तिथून एण्णोरच्या खाडीत गेलं. खारफुटीची मुळं, होड्या, जाळी, सगळं तेलाने माखलं. हे सारं पुराच्या पाण्यातून, नाल्यांच्या वाटेने झालं. तुमच्या गावच्या ओएनजीसी प्रकल्पातली ३ सप्टेंबर २०१९ ची आग तुम्हाला आठवत असेल. ती पावसाच्या पाण्याच्या नाल्यातच लागली होती आणि चार जण गेले. तेलाच्या प्रकल्पाचा पावसाळी नाला हा नकाशावरचा सगळ्यात दुर्लक्षित भाग. इंटर्नशिपला गेल्यावर तिने पहिल्यांदा त्याचाच नकाशा मागावा: नाला कुठे सुरू होतो, ऑइल-वॉटर सेपरेटर (पाण्यातलं तेल वेगळं करणारी टाकी) किती पाण्यासाठी बांधला आहे, त्याहून जास्त आलं तर बायपास कुठे जातो.

तेल खाडीत गेल्यावर बूम, म्हणजे पाण्यावर तरंगणारा लांब अडसर, लावून अडवू, असं प्रत्येक योजनेत लिहिलेलं असतं. पाण्याचा ओढ साधारण पाऊण नॉटच्या वर गेला की आडव्या लावलेल्या बूमच्या खालून तेल निसटतं. उधाणाच्या ओहोटीला खाडीच्या तोंडाशी पाणी कसं ओढतं ते तुम्हीच तिला सांगू शकाल. बूम तिरका लावायचा, तेल कडेला वळवायचं आणि तिथे उचलायचं. ती कडा खारफुटीची नसावी, म्हणून जागा आधी ठरवायची.

रिपोर्टांतला आणखी एक दोष सांगतो, मुलाखतीत उपयोगी पडेल. नेहमीच्या क्यूआरएमध्ये, म्हणजे संख्यात्मक जोखीम मूल्यमापनात, एक गळती, एक आग, असे प्रसंग सुटे सुटे मोजतात. वादळ दहा टाक्यांना एकाच वेळी गाठतं, वीज घालवतं, रस्ता बुडवतं आणि अग्निशमन पंपाची खोलीही पाण्याखाली घेतं. सुटे आकडे गुणून धोका नगण्य दिसतो. प्रत्यक्षात सगळ्यांचं कारण एकच असतं. तसंच "शंभर वर्षांतून एकदा" या शब्दांचं. ३० वर्षं चालणाऱ्या प्रकल्पाला असा प्रसंग निदान एकदा गाठण्याची शक्यता २६ टक्के. वाऱ्याच्या बाबतीत तिने आयएस ८७५ या भारतीय मानकाचा भाग ३ वाचावा. २०१५ च्या आवृत्तीत चक्रीवादळासाठीचा वाढीव गुणक पूर्व किनाऱ्याच्या आणि गुजरातच्या ६० किलोमीटर पट्ट्याला आहे, कोकणाला नाही. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्याच किनाऱ्यावर आलं. नियम पाळला म्हणजे धोका संपला का, यावर तिने स्वतःचं मत बनवावं.

आता शिक्षणाचं. सिव्हिलमधून गेट देऊन ओशन किंवा कोस्टल इंजिनिअरिंगचं एम.टेक. करावं, असं माझं स्पष्ट मत आहे. आयआयटी मद्रास आणि आयआयटी खरगपूर इथे यासाठी स्वतंत्र विभाग आहेत. पर्यावरणातलं एम.टेक. घ्यायचं तर आधी अभ्यासक्रम पाहावा. सगळा भर सांडपाणी प्रक्रियेवर असेल तर या कामाला तो पुरणार नाही. सेफ्टीचा एक वर्षाचा डिप्लोमा मुंबईत सायनच्या सेंट्रल लेबर इन्स्टिट्यूटमध्ये होतो. कारखान्यात सेफ्टी ऑफिसर व्हायचं असेल तर तो हवाच, पण त्याची घाई आत्ता नको. दोन-तीन वर्षं काम केल्यावर तो जास्त समजतो.

सॉफ्टवेअरच्या क्लासला मोठी फी भरू नका. नकाशांसाठी क्यूजीआयएस, लाटा-प्रवाहांसाठी डेल्फ्ट-थ्री-डी, तेलाचा तवंग कुठे जाईल ते दाखवणारं नोम आणि विषारी वायूसाठी अलोहा, एवढं शिकायला घरचा संगणक पुरतो आणि ही साधनं विकत घ्यावी लागत नाहीत. वादळांच्या मार्गांची जुनी माहिती हवामान खात्याकडे मिळते. गळती-आगीचे परिणाम मोजणारं फास्ट हे महागडं सॉफ्टवेअर नोकरी देणारी कंपनी स्वतः शिकवते.

नोकरी कुठे? पर्यावरण परिणाम अहवाल करणाऱ्या सल्लागार संस्थांत, जिथे नॅबेटच्या (अशा संस्थांना मान्यता देणाऱ्या मंडळाच्या) मान्यतेसाठी जोखीम आणि धोके या विषयाचा तज्ज्ञ लागतोच. सुरुवातीला त्याच्या हाताखाली काम करायचं. डिझाइन करणाऱ्या कंपन्यांत, बंदरांत, तेल कंपन्यांच्या सुरक्षा विभागांत, आणि विमा कंपन्यांच्या रिस्क इंजिनिअरिंगमध्ये. हा शेवटचा मार्ग मराठी मुलं फारशी पाहत नाहीत, खरं तर अनेक प्रकल्प आतून बघायला तो उत्तम. संशोधनाची ओढ असेल तर पुण्याजवळ खडकवासल्याची सीडब्ल्यूपीआरएस (जल आणि विद्युत संशोधन केंद्र), गोव्याची एनआयओ (समुद्रविज्ञान संस्था) आणि हैदराबादची इन्कॉइस (समुद्राची माहिती आणि इशारे देणारी संस्था). पहिली काही वर्षं पगार आयटीतल्या मैत्रिणींपेक्षा कमी असेल, हे आधीच मान्य करून निघावं. सल्लागार संस्था निवडताना त्यांचे दोन जुने अहवाल पर्यावरण मंजुरीच्या सरकारी परिवेश पोर्टलवर शोधून वाचा. दोन वेगळ्या किनाऱ्यांच्या अहवालांत तोच परिच्छेद, तोच वारा आणि तीच भरती दिसली तर तिथे जाऊ नये.

समुद्रात जाणं क्वचित होतं. बहुतेक काम कार्यालयात आणि किनाऱ्यावरच्या साइटवर. मुंबई हायसारख्या तेलक्षेत्रातल्या फलाटावर जायची वेळ आलीच तर हेलिकॉप्टरने जातात. त्याआधी वैद्यकीय तपासणी आणि बुडत्या हेलिकॉप्टरमधून सुटका करून घेण्याचं प्रशिक्षण सक्तीचं असतं. तिला पोहता येत असेल तर चांगलं, नसेल तर या सुट्टीत शिकवा. तुमच्या मनात मे २०२१ चं तौक्ते वादळ असणार हे समजतं. त्यात बुडालेल्या पी-३०५ बार्जवर आणि वरप्रदा टगवर मिळून २७४ माणसं होती, ८६ परतली नाहीत. वादळाचा इशारा आधी मिळाला होता. इशारा आणि सुटका यांच्या मधले तास कुणी, कोणत्या कोष्टकावरून मोजायचे, हे ठरवणं तुमची मुलगी मागते आहे त्याच कामात येतं.

इंटर्नशिपच्या अर्जासोबत तिने वरचं टाकीचं गणित दोन पानांत मांडून जोडावं, वेगळ्या व्यासाची टाकी आणि तिच्याच किनाऱ्याची भरती घेऊन. पहिल्या ओळीत लेव्हल कोणत्या डेटमवर आहेत ते लिहायला विसरू नये.