टूर डी फ्रान्स पहिल्यांदा बघतोयस? मग एवढंच कर

भाऊ, या सायकल रेसची 200 किलोमीटरची सपाट स्टेज (म्हणजे एका दिवसाची रेस) पहिल्यापासून बघायला बसलास तर झोप येणारच! मी पण पहिल्या वर्षी तेच केलं, शेवभाजी हाणून बसलो आणि फिनिशच्या टायमाला घोरत होतो.

- सपाट स्टेजचे शेवटचे 20 किलोमीटर बास. डोंगराची असली तर शेवटचे दोन चढ सोडू नको.
- आज पहिला आला म्हणजे पिवळी जर्सी (एकूण टाईममध्ये पुढे असणाऱ्याची) त्याची, असं नसतं रे. 21 स्टेजचा टाईम मिळून ज्याचा सगळ्यात कमी, तो जिंकतो. 1989 ला लेमाँड नावाचा सायकलवाला शेवटच्या दिवशी पुढे असलेल्या फिन्योंच्या 50 सेकंद मागे होता आणि टूर जिंकला 8 सेकंदांनी!
- टीम कशाला लागते? चाळीसगावहून कन्नड घाटाकडे जाताना समोरून वारा असला की मित्राच्या चाकामागे चाक लावून बघ, पायडल एकदम हलकं होतं, टीमवाले लीडरसाठी दिवसभर तेच करतात. घाट लागला, स्पीड पडला की हा फायदा कमी होतो, म्हणून खरी मारामारी तिथेच.

हिरवी न् ठिपक्यांची जर्सी पुढच्या आठवड्यात सांगतो, आत्ता डोकं नको खाऊ.